वाहनात काही बदल

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता गाडीचा पुढचा डावा दिवा गेला आणि त्याच्या पाठोपाठ डावा इंडिकेटरही गेला. या घटनेची नोंद घेणं भाग आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

"कोण गेलं रे?" आईने खुर्चीतून विचारलं.

"दिवा गेला, आई. गाडीचा. डावा."

"अरेरे. आजारी होता का?"

आईला दिसत कमी होतं, पण चेष्टा करायला डोळे कुठे लागतात? कानामात्रे हसले आणि गाडीचं माहितीपुस्तक शोधायला लागले.

कानामात्रे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते चोवीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायचं काम करत, आणि वेलांटी चुकलेली दिसली की त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून छापखान्यातल्यांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकावरही एकदा तेच आलं. कानामात्र्यांनी त्यातलीही एक चूक काढून दिली. शहरातल्या झाडून सगळ्या कार्यालयांचे फॉर्म याच छापखान्यात छापले जात.

गाडी त्यांना एरवी आठवड्यातून एकदा लागे. पण या शुक्रवारी सकाळी दहा वाजता शेजारच्या शहरातल्या इस्पितळात आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ही तारीख नऊ महिन्यांनी मिळाली होती. आई जन्मभर शाळेत शिकवत होती. गेलं वर्षभर तिला पुस्तकातलं एक अक्षर दिसत नव्हतं आणि रोजचं वर्तमानपत्र मुलाकडून वाचून घ्यावं लागत होतं. त्याची तिला फार लाज वाटे. इस्पितळाच्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं : 'रुग्णाची ने-आण करणाऱ्या वाहनाचा क्रमांक आगाऊ नोंदवावा. क्रमांकात बदल झाल्यास नवीन तारीख देण्यात येईल.' नवीन तारीख म्हणजे आणखी नऊ महिने. आणि नोंदवलेल्या गाडीच्या वार्षिक तपासणीची मुदत गुरुवारी संपत होती. शिक्का नसलेली गाडी रस्त्यावर आणायची सोय नव्हती.

तेव्हा दिवा आजच्या आज बदलायला हवा होता. कानामात्र्यांनी माहितीपुस्तक उघडलं, पहिल्या पानावरच्या तीन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि बॉनेट वर केलं. दिव्याच्या मागे रबराचं गोल झाकण होतं, झाकणामागे तारेची चिमटी आणि चिमटीत बल्ब. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की काच तापून फुटते, असं पुस्तकात ठळक छापलं होतं. बोट लावायचा प्रश्नच आला नाही. दिव्याच्या बरोबर मागे बॅटरी बसवलेली होती आणि मधल्या फटीत कानामात्र्यांचा हात मनगटापर्यंत जाऊन अडला. निघेपर्यंत पाऊण तास गेला.

"सरका बरं," पत्नी म्हणाली. ती शेजारच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवायची. तिचा हात लहान, आणि न बघता सुईत दोरा ओवायची सवय. तिने फटीत हात घातला, चिमटी दाबली, जुना बल्ब काढला, नवा स्वच्छ फडक्यात धरून बसवला. इंडिकेटरचा नारिंगी बल्ब दाबून पाव वळसा फिरवला. दुप्पट वेगाने चाललेली टिकटिक पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. सगळं मिळून चार मिनिटं.

"झालं. चहा टाकते," ती म्हणाली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पण बुधवारी सकाळी तपासणीचा फॉर्म भरताना कानामात्रे अकराव्या प्रश्नापाशी थांबले. 'गेल्या वर्षभरात वाहनात काही बदल झाला आहे काय? होय / नाही.'

"नाही लिहा," पत्नी म्हणाली.

"अगं, पण दिवा बदलला ना काल? बदलला म्हणजे बदल झाला. एकच धातू आहे."

"अहो, धातू गेला चुलीत! सगळं जग नाही लिहितं."

"सगळं जग ऱ्हस्व-दीर्घही चुकतं," कानामात्रे म्हणाले आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'होय. पुढील डावा दिवा व डावा इंडिकेटर बदलला.' बदल कोणी केला, याच्यापुढे लिहिलं : 'पत्नीने.'

वाहन तपासणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीतली बाई एका हाताने शिक्के मारत होती, दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात होती. कानामात्र्यांच्या फॉर्मवर शिक्का उतरला आणि कागदापासून बोटभर अंतरावर थांबला.

"होय?" ती म्हणाली. मागच्या रांगेतल्यांनी माना पुढे काढल्या. "बारा वर्षं या खिडकीत बसते मी. 'होय' पहिल्यांदा बघतेय. काका, तुम्ही नऊ नंबरला जा."

नऊ नंबरच्या खिडकीचं दार उघडायला दोन माणसं लागली. आतल्या लेखनिकाने आधी टेबलावरची धूळ पुसली, मग फॉर्म दोनदा वाचला.

"बदललेलं वाहन," तो हळहळून म्हणाला. "मूळ वाहनाशी तुलना करावी लागणार. जुना दिवा आणा. चालू स्थितीत."

"चालू स्थितीत असता तर बदलला कशाला असता?"

"तेच तर ना! विनाकारण बदल केलेला नाही हे सिद्ध कसं करणार? जुना चालत असेल तरच नवा त्याच्याइतका उजेड पाडतो की नाही ते कळेल."

"आणि चालत नसेल तर?"

"तर तुम्ही न चालणाऱ्या दिव्याच्या जागी चालणारा दिवा बसवलात. हा तर फारच मोठा बदल झाला."

परवा आईचं ऑपरेशन आहे, कानामात्र्यांनी सांगितलं. लेखनिक माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मग असं करा, बदल रद्द करा. जुना दिवा परत बसवा. गाडी मूळ स्थितीत आली की माझ्याकडे कामच उरत नाही."

कानामात्रे धावत घरी गेले. पत्नीने कचऱ्याच्या डब्यातून जुने बल्ब काढले, फडक्याने पुसले आणि बसवले. दुपारी गाडी पुन्हा कार्यालयाच्या आवारात उभी राहिली, डावा दिवा बंद, टिकटिक दुप्पट.

लेखनिकाने समाधानाने मान हलवली, फॉर्म ओढला आणि एकदम कपाळाला हात लावला. "घोटाळा झाला हो. काल नवा बसवला हा एक बदल. आज जुना बसवला हा दुसरा. बदल रद्द करणं हाही बदलच की!"

"मग पुन्हा नवा बसवतो."

"तीन बदल? तिसऱ्या बदलानंतर गाडी नवीन समजतात, साहेब. मग गाडी कधी जन्मली इथपासून सुरुवात. तुम्ही आता कशालाही हात लावू नका. उद्या समितीपुढे या. आणि पत्नीला आणा, बदल त्यांनी केलाय."

गुरुवारी सकाळी आवारात बदल परीक्षण समितीचे तीन सदस्य खुर्च्या टाकून बसले. मधोमध मोठे साहेब होते. समिती सतरा वर्षांपूर्वी नेमली होती आणि तिच्यापुढे आलेलं हे पहिलंच प्रकरण होतं, त्यामुळे तिघांनीही इस्त्रीचे कपडे घातले होते.

"बाई, दिवा बदलण्याचं आपलं शिक्षण?"

"ब्लाउज शिवते," पत्नी म्हणाली.

सदस्यांनी एकमेकांकडे पाहून हे लिहून घेतलं. मग एकेकाने स्वतः हात घालून फट मोजली. दोघांचे मनगटापाशी अडले, साहेबांचा अंगठ्यापाशीच. त्यांचा हात सोडवल्यावर पत्नीने नवा दिवा बसवून दाखवला. टिकटिक शहाणी झाली. घड्याळात पावणेचार मिनिटं भरली. साहेबांनी वाकून दिवा नीट पाहिला आणि मग ते अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक काम होतं. जरा मागच्या अंगणात येता?"

मागच्या अंगणात कार्यालयाच्या सहा गाड्या होत्या. सहाही गाड्यांचे पुढचे दिवे गेलेले.

"दोन वर्षं झाली," साहेब म्हणाले. "बदलावेत तर बदल होतो. आणि बदल झाला तर आम्हालाच आमच्यापुढे यावं लागेल."

पत्नीने बाह्या सारल्या. सहाव्या गाडीचं बॉनेट खाली पडेपर्यंत लेखनिकाने साहेबांपुढे सहा फॉर्म धरले आणि साहेबांनी अकराव्या प्रश्नापुढे सहा वेळा 'नाही' लिहिलं. पेन जरासुद्धा अडखळलं नाही.

"हे काय?" कानामात्रे ओरडलेच. "आत्ता तुमच्यादेखत बदलले!"

"अहो, हा प्रश्न तसा नाहीच आहे," साहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून एक जुनी फाइल काढली. "हा आमचा मूळ मसुदा. बघा."

मसुद्यात लिहिलं होतं : 'गेल्या वर्षभरात वाहनाच्या मालकीत काही बदल झाला आहे काय?'

"छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने मधलाच तुकडा गाळला. आणि मग तुमच्यासारख्याच कोणा हुशार माणसाने..." साहेबांनी पहिलं मुद्रित, म्हणजे तपासणीसाठी काढलेली प्रत, पुढे केलं. त्यावर जुळवलेलं होतं 'वाहनत काही बदल'. 'न'च्या शेजारी लाल शाईत एक सुबक काना दिलेला होता. खाली सही होती.

कानामात्र्यांनी तो काना ओळखला. असा सरळ, तळाशी किंचित जाड काना शहरात दुसरं कोणी देत नव्हतं. ती दुपारही त्यांना आठवली. मसुदा न बघता चूक सापडल्याचा केवढा आनंद झाला होता! सतरा वर्षं अख्खं शहर त्यांच्या एका कान्यापायी खोटं लिहीत होतं.

"मी दुरुस्त करतो," ते खिशातली पेन्सिल काढत म्हणाले. "आजच्या आज."

"नको, नको!" तिन्ही सदस्य एकदम उठले. "फॉर्ममध्ये बदल करायचा तर त्याचा वेगळा फॉर्म आहे. तो अजून छापलेला नाही." साहेबांनी कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि खांद्यावर हात ठेवला. "आईचं ऑपरेशन उद्या ना? लिहा. दोनच अक्षरं आहेत."

कानामात्र्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कसंबसं 'नाही' लिहिलं, तर वेलांटी ऱ्हस्व पडली. ती मात्र त्यांनी दीर्घ केली. तीन नंबरच्या बाईने न बघता शिक्का मारला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यातलं जुनं भिंग काढून नवं बसवलं आणि पट्टी सुटल्यावर आई पहिलं वाक्य बोलली, "किती रे वाळलास तू!" कानामात्रे इस्पितळाच्या भिंतीकडे तोंड करून रडले. घरी येताच आईने वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि पहिल्या पानावरच्या अकरा चुका त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या.

तीन आठवड्यांनी तिच्या निवृत्तिवेतनाचा वार्षिक फॉर्म आला. कानामात्रे आता शहाणे झाले होते. ते भराभर 'नाही, नाही, नाही' लिहीत सुटले होते.

"थांब," आई म्हणाली. "आण इकडे. आता दिसतंय मला." तिने कागद नाकाशी धरून वाचला : "'गेल्या वर्षभरात निवृत्तिवेतनधारकात काही बदल झाला आहे काय?' आणि तू नाही लिहिलंस?"

"आई, तसं नसतं गं ते. नुसतं नाही लिहायचं असतं."

"असं कोणी शिकवलं तुला? मी तर नाही." तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, 'नाही' खोडलं आणि शाळेच्या फळ्यावर लिहायची तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'होय. डावा डोळा बदलला.'

आईला चालू स्थितीतला जुना डोळा घेऊन कोणत्या समितीपुढे उभं राहावं लागणार, ते कानामात्र्यांना लख्ख दिसू लागलं. त्यांनी हळूच फॉर्मच्या तळाशी पाहिलं. बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं. ते त्यांच्याच छापखान्याचं होतं.

नियमाप्रमाणे शेवटी वाचकांसाठी एक प्रश्न छापणं बंधनकारक आहे. ही गोष्ट वाचून आपल्यात काही बदल झाला आहे काय? होय / नाही. लागू नसेल ते खोडावे.

राहू द्या. तुमचं 'नाही' आम्ही आधीच छापून घेतलं आहे.