करवंदीची चढण माहेरी

करवंदीची चढण नागपंचमीला माहेरी गेली, ती दिवाळी उलटली तरी सासरी परतली नव्हती.

तिचं माहेर शेवऱ्याच्या बंदरावर, धक्क्याला लागून असलेल्या टेकडीकडे. ती गेल्यापासून घाटातला रस्ता ताटासारखा सपाट पडला होता आणि ट्रकवाले खूश होते. बांधकाम खात्याने ‘चढण रजेवर आहे’ अशी पाटी लावून हात झटकले होते.

पंचाईत झाली ती रघुवीर नाटेकरांची. बंदर ते कोल्हापूर या सायकल सफरीचा बेत आखायला ते नकाशा पसरून बसले होते. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ते आणि मंदाताई त्याच वाटेने जात. सपाटीवर मंदाताई कायम पुढे, त्यामुळे बोलणं व्हायचं नाही. करवंदीला मात्र दोघं उतरत, सायकली ढकलत चालत, आणि संसारातलं जे काही ठरायचं ते तिथेच ठरे. लेकाचं नावसुद्धा दुसऱ्या वळणावर ठरलं होतं. काय ते दिवस होते! यंदा मंदाताईंनी कोल्हापूरला लेकाकडे कायमचं राहायला जायचं काढलं होतं. नाटेकरांचा जीव घरात अडकलेला. पण घरात बसून असलं काही बोलायची दोघांना सवयच नव्हती.

“मग घेऊन येऊ तिला,” मंदाताई म्हणाल्या. “न्यायला गेल्याशिवाय लेक सासरी येते होय?”

फेरीबोटीतून सायकली उतरवून दोघं टेकडीपाशी गेली. मंदाताईंनी खणानारळाने चढणीची ओटी भरली.

“आत्ता आठवण झाली?” टेकडीने विचारलं.

“चुकलंच,” नाटेकर म्हणाले.

“तिकडे तिला कुणी विचारत नाही. सगळे भुर्रकन निघून जातात. थांबून चार शब्द बोलणारी तुम्ही दोघंच, असं सांगते. धाडते मी, पण पायी न्या.”

चढण त्यांच्याबरोबर निघाली. साहजिकच सगळा रस्ता चढाचा झाला. भातखाचरांमधून चढ, पुलावर चढ, भर बाजारात चढ. दोघं सायकली ढकलत राहिली. आधी यथेच्छ भांडली. मग पहिल्या वर्षी माकडांनी पळवलेला घावनांचा डबा आठवला आणि नाटेकरांना भरून आलं.

“तुमच्याशिवाय मला तिथे करमणार आहे का?” मंदाताई म्हणाल्या.

“मग जायचं का काढलंस?”

“तुम्ही नको म्हणावं म्हणून. तुम्ही म्हणालाच नाहीत.”

“म्हणायला चढण कुठे होती?”

हे मंदाताईंना पटलं. करवंदीला पोचल्यावर चढण पदर सावरून आपल्या जागी बसली. मागून येणाऱ्या ट्रकने गिअर बदलला. दोघं माथ्यापर्यंत चालत गेली. तिथून पुढे कोल्हापूर होतं.

“नको जाऊस,” नाटेकर म्हणाले.

“बरं,” असं म्हणून मंदाताईंनी सायकल माघारी वळवली. उतारावर त्या नेहमीप्रमाणे पुढे निघून गेल्या.