डॉक्टरबाईंनी सांगितलेली झोप

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षातली ती मुलगी आरशासमोर दात घासता घासता उभ्याउभ्याच झोपली, तेव्हा मैत्रिणींनी तिला धरून विद्यापीठाच्या दवाखान्यात नेलं. रात्र रात्र जागून घरांची मॉडेल बनवते म्हणून वसतिगृहात तिला सगळ्या ‘घुबड’ म्हणत.

“काय होतंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“काही नाही. डोळे उघडे ठेवावे लागतात, तेवढंच.”

“मग मिट. औषध वगैरे नाही, सरळ जाऊन झोप.”

खोलीवर रूममेट फोनवर कोणाशीतरी कडाकडा भांडत होती. वाचनालयात टेबलावर डोकं टेकवलं, तर ग्रंथपालबाईंनी पट्टीने टोचून उठवलं. “इथे वाचायचं असतं.” रडकुंडीला येऊन घुबड पुन्हा दवाखान्यात आली. बाई जागेवर नव्हत्या, पण शेजारच्या खोलीत एक खाट होती. पांढरी चादर, उशी आणि आसपास चिटपाखरू नाही. ती आडवी झाली आणि क्षणात गाढ झोपली.

त्या खोलीत तेव्हाच प्रथमोपचाराचा वर्ग भरायचा होता. शिकवणाऱ्या सरांनी त्यासाठी नाट्यविभागाकडे बेशुद्ध पडायला एक नट मागितला होता. खाटेवर घुबडीला बघून सर खूश झाले. “याला म्हणतात अभिनय. चिमटा काढला तरी पापणी हलत नाही. चला, बांधा पट्ट्या.”

पट्ट्या अर्ध्यावर आल्या असतील, तोच दारात एक मुलगा धापा टाकत उभा राहिला. “सर, मी बेशुद्ध.”

“बेशुद्ध आधीच आलीय. तू पाय मोडून घे.”

“पण मी तयारी बेशुद्धीची केलीय.”

“मग आधी विव्हळ, नंतर हो बेशुद्ध.”

त्या विव्हळण्याने घुबडीला जाग आली. दोन्ही हात बांधलेले, गुडघा बांधलेला, जबडा तर डोक्यापर्यंत आवळलेला. समोर भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मॉडेल दाखवायची वेळ टळून चालली होती. “म्म, म्म,” म्हणत ती तशीच धावत सुटली. “शुद्धीवर येणंसुद्धा किती खरं वाटतं बघा,” सर मागून म्हणाले.

वर्गात मॉडेल तपासणारे सर इतके खडूस, की त्यांच्या तासाला कोणी शिंकतही नसे. तिला पाहून त्यांच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

“कधी झालं हे?”

“म्म.”

“आणि तरीही आलीस?”

“म्म.”

“शिका जरा हिच्याकडून,” ते वर्गाला म्हणाले. “बाळा, तू जाऊन आराम कर. मॉडेल बरी झालीस की दे.”

मॉडेलला अजून छप्परच नाही, हे तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. तेही ‘म्म’च निघालं.

खोलीवर येऊन ती पट्ट्या सोडते न सोडते तोच माणसांची रीघ लागली. “तू झोप, आम्ही नुसते बसतो,” म्हणत सगळे तिच्याच खाटेवर बसले आणि आपापल्या काकामामांची मोडलेली हाडं सांगू लागले. तेवढ्यात आईचा फोन.

“खरं सांग, किती हाडं मोडली?”

“एकही नाही गं आई.”

“माझ्यापासून लपवू नकोस.”

शेवटी डॉक्टरबाई धावत आल्या. आपण झोपायला पाठवलेल्या पोरीला अपघात झाल्याचं त्यांच्याही कानावर गेलं होतं. घुबडीने घडलं ते सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला, एकेकाला बाहेर काढलं, दार लावलं आणि समोरच्या खाटेवर बैठक मारली. “आता झोप. मी इथे आहे तोवर कोणाची बिशाद नाही आत यायची.”

घुबडीने डोळे मिटले. जरा वेळाने दारावर टकटक झाली. बाई हलल्या नाहीत. तिने एक डोळा उघडून पाहिलं. तापाच्या साथीत रात्रंदिवस पेशंट तपासून पिचलेल्या डॉक्टरबाई स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून भिंतीला टेकल्या होत्या आणि चक्क घोरत होत्या. तिने हळूच त्यांना आडवं केलं, अंगावर पांघरूण घातलं आणि स्टूल घेऊन दाराबाहेर जाऊन बसली.

बाहेर खडूस सर फळांची पिशवी घेऊन उभे होते. पट्ट्यांशिवायचा तिचा चेहरा काही त्यांनी ओळखला नाही.

“कशी आहे ती?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“आत्ताच डोळा लागलाय,” घुबड जांभई आवरत म्हणाली.

“झोपू दे, झोपू दे,” सर म्हणाले आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवून चवड्यांवर चालत निघून गेले.