मागच्या खोलीतली मंगलाष्टकं

देवरुखच्या हसबनीसांकडे इंटरनेट पुढच्या भिंतीपर्यंत फायबरमधून प्रकाशाच्या वेगानं येई आणि तिथून मागच्या खोलीत चालत जाई. चालायला त्याला एक दिवस लागे. परतीलाही तेवढाच.

सगळे पुढच्या खोलीतच बसत, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. पण मंदाआत्या न्हाणीघरात घसरली, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि डॉक्टरांनी मागच्या खोलीतून हलायचं नाही म्हणून बजावलं. त्यातच रविवारी परदेशात, हॅलिफॅक्सला रेवतीचं लग्न. आईविना पोर, आत्यानंच वाढवलेली. आत्याच्या मंगलाष्टकांशिवाय माळ घालणार नाही, असं तिनं कळवलं होतं.

रेवतीच्या वडिलांनी, दिगंबररावांनी तक्रार केली. कंपनीचे गावडे आले, मोजमाप करून म्हणाले, "भिंतीपर्यंत स्पीड उत्तम आहे. पुढचं वायरलेस."

"पण ते चालत का जातं?"

"पळवलं तर आपटतं, काका. तुमच्या भिंती जांभ्याच्या. मध्ये एक डबा लावून देऊ का, सिग्नल पुढे ढकलणारा?"

"लावा की!"

"लावतो. पण मग त्याला टेकायला जागा होते. काही घरांत ते तिथंच डुलकी काढतं."

दिगंबररावांनी डबा नको म्हणून सांगितलं आणि मागच्या खोलीत येऊन ते डोकं धरून बसले.

"एवढं काय त्यात?" आत्या म्हणाली. "मी शनिवारीच म्हणते. रविवारी पोचतील."

शनिवारी मुहूर्ताच्या वेळेला आत्या शालू नेसून उशीला टेकून बसली. समोर पडद्यावर शुक्रवार चालू होता. रेवती दोन्ही हात पसरून मेंदी काढून घेत होती. मेंदीतल्या रेवतीकडे बघत मंगलाष्टकं म्हणताना आत्याचा आवाज दोनदा भरून आला. शेवटी तिनं "सावधान" म्हणून अक्षता टाकल्या. त्या खाटेखाली गेल्या.

रविवारी हॅलिफॅक्सला आत्याचा आवाज वेळेवर पोचला. अंतरपाट दूर झाला, टाळ्या वाजल्या. पुढच्या खोलीत दिगंबररावांनी एकट्यानं डोळे पुसले.

आत्यानं हे सगळं सोमवारी पाहिलं.

"ही कोण मेली बेसूर?" तिनं विचारलं.

"तूच," दिगंबरराव म्हणाले.

"मग माईक वाईट असेल."

एवढ्यात पडद्यावर रेवती पुढे आली. "आत्या, नमस्कार करते गं," म्हणत ती वाकली. आत्यानं घाईघाईनं हात उंचावले. "सुखी राहा, बाळा. ऊठ आता, कंबर धरेल."

मंगळवारी तिकडे जावई अमोघ कामावर निघाला होता. पाहुणे कधीच गेले होते, मांडव उतरला होता. आत्याचा आवाज आला, तशी रेवती सरळ झाली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं एकदा मागे वाकून पाहिलं.

"काय म्हणाल्या?" अमोघनं विचारलं.

"सुखी राहा म्हणाली," रेवती म्हणाली. "चहा ठेव."