एनिडला दाखवलेली आतषबाजी

कुठलाही कार्यक्रम माझ्या हाती सोपवा आणि निर्धास्त झोपा. आमच्या गावात हे कुणीही सांगेल. निदान मी तरी सगळ्यांना सांगत असतो!

यंदाच्या पाच नोव्हेंबरची, म्हणजे आमच्याकडे गावोगावी शेकोट्या पेटतात आणि आतषबाजी होते त्या रात्रीची, गोष्ट मात्र वेगळी होती. एनिडची नजर जात चालली होती. पुढच्या वर्षी फार तर उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. एनिड, डेस्मंड आणि मी एकाच गल्लीत, एकाच शेकोटीत बटाटे भाजत वाढलेलो. तिला शेवटची आतषबाजी दाखवायची तर ती झकास जागेवरूनच, हे मी परस्पर ठरवलं. क्रिकेटच्या मैदानात गर्दीत उभं राहून लोकांच्या टोप्या कशाला बघायच्या? गावामागच्या टेकडीवरून अख्खं आभाळ आपलं!

डेस्मंड म्हणाला, रेडिओवर धुकं सांगितलंय. मी म्हटलं, गप रे, तुझा जन्म कुरकुरण्यात गेला.

टेकडीवर घडीच्या खुर्च्या मांडल्या, एनिडला मधे बसवलं, तिच्या पायांवर घोंगडी टाकली. आल्याचा केक कापायला घेतला आणि धुकं आलं. असं आलं, की कंदिलाचा उजेड आमच्या खुर्च्यांपलीकडे जाईना. तेवढ्यात खाली मैदानावर पहिला बाण फुटला. आवाज दणदणीत, पण आभाळात रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

एनिड ताठ बसून समोर बघत होती. तिची शेवटची आतषबाजी मी या धुक्यात आणून बुडवली होती. काय सांगणार तिला? तोंडातून निघून गेलं, "हिरवा बघ, एनिड! केवढा मोठा!"

मी पीत नाही हे माहीत असूनही डेस्मंडनं माझं तोंड हुंगलं. मी खुर्चीमागून त्याला ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "हो, हो. हिरवा." त्याची अक्कल एवढीच चालली.

मग प्रत्येक आवाजाला मी एकेक रंग लावत सुटलो. लाल झाला, जांभळा झाला, सोनेरी पाऊस तर दोनदा पाडला. एनिड गप्पच. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं, की बिचारीला वाटत असणार, या दोघांना सगळं दिसतंय आणि आपल्यालाच नाही! पुढच्या वर्षीचा अंधार मी आजच तिच्या डोळ्यांत घातला होता.

माझे रंगही संपले. तसा डेस्मंड सुटला. "तो बघ, बाण आडवा गेला! सरळ खिडकीतून आत, पडदा पेटला!" हा बाण मला चांगला ठाऊक होता. लहानपणी यानंच तो दुधाच्या बाटलीतून हॉवर्थबाईंच्या घरात सोडला होता. मीही मग त्याच वयात आमच्या आईनं ओव्हनमध्ये वाळत घातलेले ओले फटाके तोंडानंच उडवले, आईच्या पुडिंगसकट. पण एनिडच्या गालावर पाणी दिसलं आणि मला राहवेना.

"एनिड, खोटं आहे गं सगळं. धुकं आहे. आम्हालाही काही दिसत नाही. तुझे डोळे होते तसेच आहेत."

"धुकं मला दिसतंय रे," एनिड म्हणाली. "कधीचं दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात. हॉवर्थबाईंचा पडदा मला फुलाफुलांच्या नक्षीसकट दिसला." तिनं गाल पुसला. "पुढच्या वर्षी मला घरी ठेवून तुम्ही दोघंच जाल, याची भीती होती. ती गेली आता. पण थांबू नका. माझ्या बाबांनी संडासाच्या दाराला ठोकलेलं आतषबाजीचं चक्र सांगायचं राहिलंय. आजोबा आत बसलेले असताना पेटवलेलं, ते."

खाली मैदानावर केव्हाच सामसूम झाली होती. आम्ही चक्र लावलं. डेस्मंड गरगर फिरला, सूं-सूं आवाज एनिडनं काढला. आणि कार्यक्रमाचा मुख्य आयोजक म्हणून मला आजोबा व्हावं लागलं!