सत्तेचाळीस क्रमांकाचा मासा

सागरी मत्स्य स्थलांतर कार्यालयाने साठ ट्यूना माशांच्या पाठीत इलेक्ट्रॉनिक टॅग बसवून त्यांना समुद्रात सोडलं होतं. त्यांतला सत्तेचाळीस क्रमांकाचा मासा एका मंगळवारी बंदरात आला, मासळीबाजारातून गेला आणि एका चारमजली इमारतीत जाऊन स्थिरावला.

"साहेब, मासा पकडला गेला. एव्हाना खाल्लाही असेल," संशोधिकाबाई म्हणाल्या.

"मृतदेह आहे?" संचालकांनी विचारलं. "मृत्यू नोंदवायचा तर मृतदेह जोडावा लागतो. नाही ना? मग मासा हयात."

बाई तरीही टॅग आणायला गेल्या. दार एका निवृत्त पोस्टमास्तरांनी उघडलं. माशाच्या तुकड्यांबरोबर पिशवीत आलेलं ते पेनाएवढं यंत्र त्यांनी हौसेने किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलं होतं.

"म्हणजे मी कुठे जातो, ते तुमच्या कचेरीत दिसतं?"

"दर तासाला."

"आणि कुणी बघतं ते?"

"मीच बघते, आजोबा."

"मग राहू द्या की. मुलगा परदेशात, सून कामात. मी फिरायला जाऊन परत आलो की नाही, याची इथे कुणालाच पडलेली नाही."

बाईंना नियम तोंडपाठ होता, पण हात पुढे होईना. त्या रिकाम्या हाताने परतल्या.

सत्तेचाळीसने सहा महिन्यांत नाव काढलं. सकाळी सहाला बाग, दहाला वाचनालय, महिन्यातून एकदा केशकर्तनालय. संचालकांनी 'ट्यूना माशातील स्वयंशिस्त' हा निबंध वाचून परिषद गाजवली. समुद्रात वाटेल तसे भटकणाऱ्या उरलेल्या एकोणसाठ माशांना 'असमाधानकारक' असा शेरा मिळाला.

मग एका गुरुवारी सत्तेचाळीस जागचा हलेना. शुक्रवारीही नाही. संचालकांना दरदरून घाम फुटला.

"साहेब, आजोबांना काहीतरी झालंय. दार तोडायला हवं," बाई म्हणाल्या.

"माणसासाठी दार तोडायचं तर नातेवाइकांचं पत्र लागतं. माशासाठी माझी सही पुरते."

त्यांनी तत्काळ सही केली. दोन पाणबुडे, एक पशुवैद्य आणि पाण्याची टाकी इमारतीत शिरली. शेजारी म्हणाले, "आम्हाला वाटलं, गावाला गेले असतील." दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडली होती.

पोस्टमास्तर न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ सुकलेले, पण जीव होता. पाणबुड्यांनी त्यांना अलगद उचललं.

रुग्णालयात मुलाचा फोन आला. "बाबा, अहो, आपला एवढा फॅमिली ग्रुप आहे!"

"आहे ना," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. "मी रोज सकाळी त्यावर फुलांचा फोटो टाकतो. दोन दिवस टाकला नव्हता, बाळा."



या यशानंतर कार्यालयाने एकट्या राहणाऱ्यांसाठीही टॅग उपलब्ध केले आहेत. अर्ज घरच्यांनी भरायचा असून तो सोपा आहे. फक्त तिसऱ्या रकान्यात बहुतेकांचं पेन अडतं: 'अर्जदाराने सदर व्यक्तीची शेवटची विचारपूस केल्याची तारीख.'

आठवतेय का तुम्हाला?