जंबूच्या सतराव्या अंकाचा भाव

माणूस समोरून चालत आला, की त्यानं सकाळी काय खाल्लं आणि उद्या त्याला काय बाधणार, हे मला लगेच कळतं. मी मुंजाजी, मानवतचा एकमेव गुप्तहेर. मी गुप्तहेर आहे हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे, यावरून माझी कीर्ती लक्षात यावी.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गुरुसिद्धप्पा माझ्याकडे आला. एसटी स्टँडसमोर त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान. पुण्याच्या कुणा शौकिनांनी छापलेली जुन्या कॉमिक्सची भावदर्शिका त्याच्या हाती लागली होती. तिच्यात ‘कॅप्टन गडगडाट’च्या पहिल्या अंकाचा भाव तीनशे रुपये पाहून या गृहस्थानं आपली सायकल देऊन तो अंक घेतला. तेव्हापासून बायको, नागुबाई, त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढून भिंतीला सांगायची, “ह्यांना म्हणावं, जेवा.”

“तीनशेचा कॅप्टन कोनी तीन रुपयालाबी घेईना,” गुरुसिद्धप्पा रडकुंडीला आला. “अन् ‘जादूगार जंबू’चा सतरावा अंक, पुस्तकात भाव आठ आणे, त्याला बोरीची दगडाबाई चाळीस रुपये द्यायलीय! म्या दिला न्हाई. कायतरी घोटाळा हाय, मुंजाजीराव.”

दगडाबाई म्हणजे साठीची, अंगठेबहाद्दर बाई. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा उलगडा झाला होता. “निजामाच्या काळातला खजिना! अदृश्य शाईनं नकाशा काढलाय. आच दाखवली की दिसेल.”

शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर मी जंबूला आच दाखवली. नकाशा दिसला नाही. जंबूच्या पगडीचा कोपरा मात्र दिसेनासा झाला.

मग मी दुसरा सिद्धान्त मांडला. सेलूपासून जिंतूरपर्यंतच्या रद्दीवाल्यांनी कट करून कॅप्टनचा भाव पाडला आहे, आणि दगडाबाई त्यांची म्होरकी. ‘जंबू’ हा टोळीचा परवलीचा शब्द. गुरुसिद्धप्पाला घाम फुटला. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं.

बाजारच्या दिवशी दगडाबाई पुन्हा आली. मी खोटी दाढी लावून, फकिराच्या वेषात तिच्या मागं उभा राहिलो.

“मुंजाजी,” ती वळून म्हणाली, “दाढी लोंबायलीय बाबा. सरळ कर.”

मी सरळ केली. तेवढ्यात नागुबाई नवऱ्याचा डबा घेऊन आली. कुठलाही सिद्धान्त न मांडता तिनं विचारलं, “मावशी, हे पुस्तक कामून पाहिजे तुमाला?”

“अगं, सून रोज वाचून दाखवती. आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलंय. राक्षसानं जंबूचा गळा धरलाय, अन् पुढं कायच न्हाई! घरात कुनाला जेवन गोड लागंना. जगला का मेला, एवढं कळू दे.”

मी दाढी काढून खिशात ठेवली.

नागुबाईनं चाळीस रुपये घेतले आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चहावाला स्टोव्ह सोडून आला. एसटीचा कंडक्टर घंटीची दोरी सोडून आला. राक्षसानं गळा आवळला, जंबूचे डोळे पांढरे झाले, आणि खाली छापलं होतं, ‘पुढील अंकात’.

“मुडदा बशिवला त्याचा!” दगडाबाई ओरडली. हे राक्षसाला होतं की छापणाऱ्याला, याचा तपास मी केला नाही.

नागुबाईनं फळीवरून अठरावा अंक ओढून काढला. गुरुसिद्धप्पा घाईघाईनं भावदर्शिका चाळू लागला, “जंबू, जंबू... अठरा...”

इतक्या दिवसांनी नागुबाई थेट नवऱ्याशी बोलली. “अवो, मिटा ते पुस्तक! गिऱ्हाईक समोर उभं हाय, त्याला इचारा की!” मग ती वळली. “मावशी, याचं काय द्याल?”

दगडाबाईनं दुकानासमोर बैठक मारली.

“आधी वाच. जगला असंल तर पन्नास. मेला असंल तर फुकटबी नको.”