पद्मनाभशास्त्री यांनी पूर्वपक्ष केला त्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून लिहिणे ऐसे जे, शके बाराशें सत्तावीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एके राज्यी थोर विद्यापीठ नांदत होते. राज्याचे नाव कोणी पुसू नये. नाव घेतले की वारसदार भांडावयास उभे राहतात. तेथे देशोदेशीचे विद्यार्थी येत आणि माधुकरी मागून शास्त्र पढत, आणि ईश्वराविषयी जी जी शंका माणसाचे मनी येते तिचा निर्णय तेथे होत असे. त्या समयी मुख्य आचार्यांचे पीठ रिकामे पडले आणि पद्मनाभशास्त्री म्हणून गृहस्थ होते, बुद्धीने तीक्ष्ण परंतु स्वभावे भित्रे, त्यांणी पीठाची उमेद धरिली. आता त्या विद्यापीठाची चाल ऐसी की, पीठावर बसू इच्छिणाराने अमावास्येस भरसभेत आधी प्रतिपक्षाचेच म्हणणे मांडावे, त्यास पूर्वपक्ष म्हणतात; आणि ते इतके नेटके मांडावे की खुद्द प्रतिपक्षी उठून म्हणेल, "हे आम्हांसही सुचले नव्हते." मग पौर्णिमेस त्याचे खंडण करून आपला सिद्धान्त सांगावा. पूर्वपक्ष विद्यार्थ्यांनी त्याच दिवशी मुखोद्गत करावा; सिद्धान्त मात्र सभेने शिक्का दिल्यावाचून कोणी पाठ करू नये. चाल थोरांनी घातली, तेव्हा आम्ही काय बोलावे! परंतु विंचू आज सोडावा आणि उतारा पंधरवड्याने द्यावा, ऐसा तो प्रकार होता.

अमावास्येस सभा भरली आणि शास्त्रीबुवा उभे राहिले आणि बोलो लागले की, "ईश्वर सर्व जाणतो. उद्या अमका पाप करील हे त्यास आजच ठाऊक आहे. मग अमक्याने ते टाळू म्हटले तर टळेल काय? टळले तर ईश्वराचे जाणणे खोटे झाले. टळत नाही तर दोष अमक्याचा कैसा?" बोलता बोलता त्यांस रंग चढला आणि भीड गेली आणि एकावर एक युक्ती सुचो लागली, आणि प्रतिपक्षाचे म्होरके हयग्रीवाचार्य, जे कधी कोणास बरे म्हणत नसत, ते उठून म्हणाले, "शास्त्रीबुवा, हे आम्हांसही सुचले नव्हते." सभा धन्य धन्य म्हणो लागली. शास्त्रीबुवा हर्षभरे घरी निघाले, आणि वाटेत, पिंपळाचे पारापाशी, थबकले. यास उत्तर काय, हे त्यांसही ठाऊक नव्हते!

मग काय सांगावे! अन्न गोड लागेना आणि पाठ भुईस टेकेना. सकाळी उत्तर लिहावे आणि दुपारी आपणच खोडावे. सगुणाबाई, त्यांची स्त्री, म्हणाल्या, "अहो, दोन घास तरी खाऊन घ्यावे. उपाशीपोटी का देव सापडतो?" शास्त्रीबुवा म्हणाले, "अगो, देव सापडला आहे, तोच तर घोर! सुटावे कैसे ते सापडत नाही." इकडे विद्यार्थ्यांनी पूर्वपक्ष घाटावर म्हटला, तो धुणे धुणाऱ्या बायकांनी उचलिला आणि त्यांपासून बाजारात गेला. भिवा नामे चोर मुद्देमालासहित धरिला, तो चावडीवर उभा राहून कोतवालासच म्हणो लागला, "मी चोरणार हे देवास आधीच ठाऊक होते. मज का बांधिता? जा, देवास पुसा!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हे वर्तमान महाराजांस कळले, आणि महाराजांनी शास्त्रीबुवांस बोलावून आज्ञा केली की, "बुवा, आमचे चोर तुमचे शिष्य झाले. पौर्णिमेस उत्तर द्यावे आणि पीठ घ्यावे. उत्तर नसेल तर सूर्यास्ताचे आत राज्याची शीव ओलांडावी." करावयास गेले गणपती आणि झाला मारुती.

पौर्णिमा आली. शास्त्रीबुवा उभे राहिले. मग कैसेबैसे बोलिले की, "मूल चालावयास शिकते आणि आईस ठाऊक असते की हे आता पडेल. म्हणून काय आई त्यास ढकलिते? जाणणे निराळे आणि करविणे निराळे. तैसेच ईश्वराचे." महाराज डोलले आणि सभा डोलली आणि भिवास फटके बसले आणि शास्त्रीबुवांस शालजोडी देऊन पीठावर बसविले. सभा उठली, तेव्हा हयग्रीवाचार्य जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आईचा दाखला गोड आहे. पण शास्त्रीबुवा, आईने मुलाचे पाय घडविले नाहीत. ईश्वराने घडविले, आणि ते अडखळणार हे जाणून घडविले. सभेत बोललो असतो, परंतु तुमचे तोंड पाहून दया आली." इतके बोलून ते निघून गेले.

ती दया शास्त्रीबुवांस जन्मभर पुरली. पीठ मिळाले, मान मिळाला, परंतु दारी कोणी आले की वाटे, हयग्रीवाचार्यांनी आज खोट उघड केली! सभा सिद्धान्तास शिक्का देऊ म्हणे, तर शास्त्रीबुवा म्हणत, "थांबा, थोडे सुधारू द्या." दुसरा सिद्धान्त लिहिला आणि तिसरा लिहिला, आणि शिक्का नाही म्हणून विद्यार्थ्यांनी एकही पाठ केला नाही. हयग्रीवाचार्य वारले तरी धास्ती सरेना, कारण शंका आता त्यांची राहिली नव्हती, शास्त्रीबुवांची झाली होती. पूर्वपक्ष मात्र गावोगाव गेला आणि परराज्यांतही पढविला जाऊ लागला.

पुढे वार्धक्य आले, कान गेले, अंथरूण धरिले. एके सकाळी अंगणात विद्यार्थी मोठ्याने संथा म्हणत होते. शास्त्रीबुवांस ओठ हालताना दिसले, शब्द कळेना. सगुणाबाईंचा हात धरून पुसिले, "अगो, काय म्हणताहेत ती? माझेच काही?" बाईंनी कान दिला. पूर्वपक्षच होता, 'दोष अमक्याचा कैसा' इथपर्यंत आला होता. बाई त्यांचे कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाल्या, "तुमचा सिद्धान्त म्हणताहेत." शास्त्रीबुवा दचकले आणि उठो पाहू लागले, "कोणता? आईचा तर नव्हे ना? त्यात खोट आहे गो!" बाईंस सिद्धान्तातले काय कळणार! परंतु म्हणाल्या, "नव्हे नव्हे. शेवटला." तेव्हा शास्त्रीबुवांनी मान उशीस टेकिली आणि म्हणाले, "तो बरा साधला आहे." आणि डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

येणेप्रमाणे पद्मनाभशास्त्री यांची हकीकत. सिद्धान्ताच्या पोथ्या वाळवीने खाल्ल्या, आज एक पान नाही. पूर्वपक्ष सर्वत्र आहे. सगुणाबाई खोटे बोलतील हे ईश्वरास आधीच ठाऊक होते, ऐसे पंडित म्हणतात; परंतु बाई म्हणत, "मला नव्हते ठाऊक हो. तोंडून गेले, आणि ते बोलणे माझेच." पुढे त्या वारल्या. इति.